मोठी अक्षरं

बटण दाबल्यावर टेबलाखालच्या डब्यातला पंखा नेहमीसारखा घरघरला, पडदा काळ्याचा निळा झाला, आणि दिव्यानी आली ती फुगून आली. सिंदेवाहीकडच्या गावात, तळ्याच्या पाळीवर उभी असलेली, ओढणी सावरत हसणारी दिव्यानी. लेकीचा हा फोटो ती नागपूरला शिकायला गेल्यापासून पडद्यावर होता, आणि आज कुणीतरी तिचे दोन्ही गाल धरून बाहेर ओढल्यासारखी ती रुंद दिसत होती, कडा पुसट, पाळीवरची झाडं म्हणजे नुसते हिरवे डाग. घनश्याम खुर्चीतच पुढं सरकला. त्यानं चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा चढवला. दिव्यानी तशीच. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, तर तारखा पुसट होत्या, पण त्या तर रोजच पुसट असतात, ह्या क्वार्टरमध्ये उजेडाचीच बोंब आहे, खिडकीवर सिमेंटच्या धुळीचा थर बसतो तो कितीही पुसा. मग त्याला दिसलं की पडद्यावरची चित्रंसुद्धा मोठमोठी झाली आहेत, कचऱ्याचा डबा केवढा, फायलींची पिवळी पाकिटं केवढी, आणि अर्धी तर पडद्याबाहेरच गेली आहेत. डोळ्यांनी कचऱ्याचा डबा मोठा होत नाही. म्हणजे खोट पडद्यात आहे. त्यानं हे स्वतःशी दोनदा म्हटलं आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो चक्क हसला. कॉम्प्युटर बिघडल्यावर हसणारा माणूस घुग्घुसच्या त्या सगळ्या कॉलनीत तो एकटाच असेल.

हसू फार टिकलं नाही. आज सुट्टी होती आणि उद्या पहिल्या पाळीला भट्टी पेटवायची होती. सिमेंट कारखान्याची भट्टी महिनाभर बंद होती. आतल्या विटा नव्या बसल्या, पंखे उघडून झाले, आणि ह्याच बंदीत कंट्रोल रूममधले जुने कॉम्प्युटर काढून तिथं नवी यंत्रणा आली. नवे पडदे, नवी चित्रं, नवे आकडे. शिफ्टचे मोठे साहेब गुणवंतराव परवा सगळ्यांसमोर म्हणाले होते की भट्टी घनश्यामच पेटवील, दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा घेऊ नका. घनश्यामचा ऊर भरून आला होता. मग तो नव्या पडद्यासमोर जाऊन बसला, आणि त्याच्यासमोर राखाडी रंगावर राखाडी आकड्यांच्या मुंग्या पसरल्या. कोणत्या पंख्याचा आकडा कुठे, कोळसा किती, गॅस किती, काही लागेना. तो तोंडानं हूं हूं करत राहिला. बाजूच्या डेस्कवरच्या प्रफुलनं काही न विचारता सगळ्या पडद्यांचे फोटो एका पेनड्राइव्हमध्ये भरून त्याच्या हातावर ठेवले, म्हणाला, भाऊ, घरी निवांत पाहून घेजा. घनश्यामला ते पटलं होतं. नवं आहे म्हणून लागत नाही, घरी चार तास बसलं की पाठ होईल, पाठ झालं की दिसेल. कालपर्यंत ह्याच पडद्यावर सगळं नीट दिसत होतं. बातम्या, नकाशे, दिव्यानीच्या कॉलेजच्या नोटिसा, सगळं. आता पेनड्राइव्ह लावून त्यानं पहिला फोटो उघडला तर भट्टीचं चित्र अर्धंच, उजवीकडचे आकडे कापलेले, जे होते ते ओल्या कागदावर शाई पसरावी तसे. हे आजच दुरुस्त व्हायला पाहिजे होतं. नाही झालं तर उद्या तो डेस्कवर बसणार कशाच्या जोरावर?

त्याची बायको कुंता दारात खाट ओढून तांदूळ निवडत बसली होती. एप्रिलचं ऊन अजून अंगणात होतं, घरात आलं नव्हतं. काय झालं, असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता, दिव्यानीले फोन लावा न, असंही म्हणाली. घनश्याम म्हणाला, तिची परीक्षा हाये. मग ती बसस्टँडजवळच्या दुकानातल्या निकेशचं नाव घेऊ लागली, त्यानंच डब्यात पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड बसवून दिलं होतं. घनश्यामनं मानेनंच नाही म्हटलं. एवढी मोठी भट्टी आपण चालवतो, दोन पाळ्यांची माणसं आपल्या तोंडाकडे पाहतात, आणि घरातल्या वीतभर डब्यासाठी लोकांच्या पाया पडायचं? ते काही नाही. आज हा पडदा सरळ केल्याशिवाय उठायचं नाही, मग जेवण थंड होवो नाहीतर ऊन डोक्यावर येवो. त्याचा हट्ट असाच होता. एकदा पेटला की विझवणं त्याच्याही हातात राहत नसे.

भट्टीत बिघाड झाला की तो कधी धावत सुटत नसे. कालपर्यंत चालत होतं, आज नाही, तर मधल्या वेळात काय बदललं, हा त्याचा पहिला प्रश्न. इथं काय बदललं? काल संध्याकाळी बंद करताना डब्यानं स्वतःहूनच काहीतरी अपडेट भरून घेतलं होतं, बंद करू नका, बंद करू नका असं म्हणत गोल फिरत राहिला होता. म्हणजे त्यानंच काहीतरी घोळ घातला. घनश्याम सेटिंगमध्ये शिरला. अक्षरं फुगलेली आणि फाटलेली होती, पण मोठी होती, लागत होती. पडद्याचं माप लिहिलेलं असतं त्या जागी दहाशे चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट, आणि ते बदलायला जावं तर ती चौकट राखाडी, मेलेली, दाबली तरी हलत नाही. पडदा तर लांबट, त्याचं खरं माप एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी. हे त्याला पाठ होतं, पडद्याच्या खोक्यावर ठळक छापलेलं होतं आणि ते खोकं अजून माळ्यावर होतं. मग तो यंत्रांच्या यादीत गेला. तिथं कार्डाच्या नावाऐवजी नुसतं बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर असं लिहिलेलं. घनश्यामनं मांडीवर थाप मारली. सापडलं. कार्ड जागेवर आहे, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर पळाला आहे, आणि त्याच्या जागी कुणीतरी बदली माणूस बसवून दिलाय, ज्याला गाडी नुसती पहिल्या गिअरमध्ये हाकता येते. हे त्यानं कुंताला समजावून सांगितलं. तिनं बरं म्हटलं आणि एक खडा अंगणात फेकला.

आपल्यावर आलेलं संकट आपल्याला समजलं की निम्मं संपतं, असं त्याला त्या वेळी वाटलं. मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला जोडून त्यानं कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवायला लावला. निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली. कॉलनीच्या मागून कोळशाचे ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर खिडकीच्या काचा थरथरत होत्या. पट्टीकडे पाहता पाहता त्याला काच आठवली, निळी काच. तो कारखान्यात लागला तेव्हा कॅमेरे नव्हते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, हातात निळी काच धरायची, आणि तिच्यातून आतली आग पाहायची. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पांढरा भडका, काचेतून पाहिलं तर आगीचा आकार दिसायचा. आखूड आहे का लांब, विटांना चाटते का मधोमध जाते. आगीच्या रंगावरून तो कोळसा किती जातो ते सांगायचा, आणि मागचे लोक आकडे काढून पाहायचे तर तेवढाच निघायचा. कधी कधी काच शोधायचा कंटाळा यायचा, मग तो तसाच पाहायचा, उघड्या डोळ्यांनी. तरुणपण होतं, नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घरी आल्यावर डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत हिरवा गोळा तरंगत राहायचा, आणि त्याला त्याचं कौतुकच वाटायचं. पुढं कॅमेरे आले, डेस्क आले, आणि जे त्याला आगीत दिसायचं ते आकड्यांत दिसू लागलं. आकडेही त्याला तसेच वश झाले. डेस्कवर बसला की त्याला वाटायचं, भट्टी आपल्याशी बोलते.

पट्टी भरली. त्यानं आधी जुनं काढलं, यादीत जाऊन त्या बदली माणसाला बाहेर घातलं, डबा बंद करून चालू केला, मग नवा ड्रायव्हर बसवायला घेतला. पडदा दोनदा काळा झाला, दोनदा उजळला. कुंतानं विचारलं, बिघडला का आणखी. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. भट्टी गरम करतानाही असंच असतं, मधेच वाटतं की विझली, तिथं घाई करणारा मरतो. डबा पुन्हा चालू झाला आणि ह्या वेळी यादीत कार्डाचं खरं नाव आलं होतं. माप अजून तेच होतं, दिव्यानी अजून रुंद होती, पण ती राखाडी चौकट आता जिवंत झाली होती. दाबली की खाली मापांची शिडी उघडायची, आणि सगळ्यांत वर एकोणीसशे वीस. घनश्यामनं खुर्ची पुढं ओढली आणि त्यावर बाण नेऊन दाबलं.

पडदा काळा झाला, मग उजळला, आणि एका क्षणात सगळं लहान, चकचकीत, दूर गेलं. मधोमध एक छोटी चौकट उघडली. घनश्यामच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप गेला आणि त्यानं एंटर दाबलं. चौकट गेली. आणि पडदा पुन्हा काळा होऊन पुन्हा फुगला. दिव्यानी पुन्हा रुंद.

एंटर दाबणं हा त्याचा विचार नव्हता, ती कंट्रोल रूमची सवय होती. तिथं अलार्म वाजला की भोंगा बोंबलतो, पडद्यावर चौकट उघडते, आणि डेस्कवरच्या माणसानं पहिल्यांदा ती दाबून भोंगा बंद करायचा, मग वाचायची. भोंगा वाजत असताना कुणाचंच डोकं चालत नाही. ही शिस्त त्याला गुणवंतरावांनीच लावली होती, आणि पुढं त्यानं ती प्रफुलला लावली. आधी दाब, मग वाच. इतक्या वर्षांत अंगठ्याला ते इतकं पक्कं झालं होतं की झोपेत कुकरची शिट्टी वाजली तरी अंगठा हलायचा, कुंता हसायची. अलीकडे दाबल्यावर वाचायचं मात्र थोडं मागं पडायचं, हे खरं. पण त्याची गरजही पडत नव्हती, कारण प्रफुलला एक खोड लागली होती, कोणताही अलार्म आला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. बापाच्या घरी असल्यासारखा. आयडी फॅन, भाऊ, जरा गरम होऊन राह्यला. कोळसा सहा टनाच्या खाली आला, भाऊ. घनश्यामला त्याचा राग यायचा, एकदा तो म्हणालाही, मले काय आंधळा समजतं का बे? प्रफुल हसला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचू लागला होता. भट्टी बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात घनश्याम एकदा कोळशाचा आकडा वाढवायला निघाला तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, भाऊ, सहा हाय का आठ? आठच होता. घनश्यामनं हात मागं घेतला. काही झालं नाही, कुणाला कळलं नाही. पण त्या रात्रीपासून त्याच्या मनात एक खडा टोचत होता, आणि त्यावर उपाय म्हणून त्यानं ठरवून टाकलं होतं की कंट्रोल रूमचे जुने पडदे मंद झाले आहेत.

त्यानं पुन्हा वरचं माप दाबलं. काळं, उजेड, चौकट, अंगठा, काळं. रुंद दिव्यानी. म्हणजे ड्रायव्हर माप धरत नाही. पडदा क्षणभर उठतो आणि पुन्हा बसतो, भट्टीतला पंखा ट्रिप व्हावा तसा. मग त्यानं केबल पाहिली, मागचे स्क्रू घट्ट केले, केबल काढून फुंकर मारून पुन्हा लावली. तेच. ड्रायव्हर काढला, पुन्हा बसवला. तेच. त्याच्या मानेवरून घाम उतरू लागला. त्यानं दुसऱ्या, जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर शोधला, मोबाइलचं उरलेलं नेट त्याच्यावर घातलं, पट्टी पुन्हा गोगलगायीसारखी निघाली. कुंतानं स्वयंपाकघरातून सांगितलं की रस्सा झाला आहे. बाजारातून वर्धा नदीचा रोहू आणला होता. तो म्हणाला, ठेव. मासा म्हटल्यावर त्याच्या तोंडाला पाणी सुटलं तरी तो उठला नाही. ह्या वर्षीच्या रोहूची त्यानं शेजाऱ्यापाशीही तारीफ केली होती की काय मासा निघतो हो, काट्याचं नाव नाही.

पट्टी सरकत होती आणि तो मनानं बापाच्या जाळ्यापाशी गेला. गावचं तळं, पाळीवर ऐनाची झाडं, आणि बाप देवाजी छातीभर पाण्यात. घनश्यामचं सगळं गावच मासे आणि धानावर जगणारं, पण देवाजीसारखा जाळं फेकणारा पंचक्रोशीत नव्हता. पाण्यावर बुडबुडा आला की तो सांगायचा, हा मरळ, हा रोहू, हा नुसता चिखल. म्हातारपणी त्याची नजर गेली तरी तो तळ्यात उतरायचा. जिथं पूर्वी मासे असत तिथं जाळं फेकायचा, दिसतात तिथं नाही. घनश्याम तेव्हा कारखान्यात नवा लागला होता, सुट्टीत घरी आलेला. थोरला भाऊ इसरू बापाच्या मागं पाण्यात उभा राहायचा आणि जाळं ओढताना हळूच आपल्या टोपल्यातले दोन मासे त्यात सोडायचा. बाप जाळं वर काढायचा, चाचपायचा, हसायचा. ते पाहून घनश्यामच्या अंगाची आग झाली होती. पाळीवर त्यानं इसरूला धरलं, म्हाताऱ्याले फसवून राह्यला काऊन? इसरूनं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाला, त्याले दिसत नाई हे तूच सांग त्याले. जा, सांग. घनश्याम गेला नाही. ते सांगायला कुणीच गेलं नाही. आणि बाप शेवटच्या आजारात खाटेवर पडला असताना, एका दुपारी घनश्याम त्याचे पाय चेपत बसला होता, तेव्हा म्हातारा आपणहून म्हणाला होता, इसरूचे मासे जाळ्यात हालत नाई बाप्पा. जिता मासा हाताले झटका देते. म्हणजे सगळं ठाऊक होतं त्याला, पहिल्या दिवसापासून. मग बोलले काऊन नाई, असं घनश्यामनं विचारलं, तर म्हातारा भिंतीकडे वळला आणि म्हणाला, बोललो असतो त मंग पाण्यात उतरता नसतं आलं.

पट्टी भरल्याचा टिंग असा आवाज झाला. घनश्याम दचकला. त्यानं जुना ड्रायव्हर बसवला, डबा चालू झाला, यादीत नाव आलं, शिडी उघडली. ह्या वेळी तो बाण वरच्या मापावर ठेवून थांबला. भट्टी तीनदा ट्रिप झाली की माणसानं थांबावं, आणि आपण प्रत्येक वेळी नेमकं काय करतो ते पाहावं. तो काय करत होता? माप दाबतो, उजेड येतो, चौकट येते, एंटर. ती चौकट काय म्हणते? एवढ्या खेपा झाल्या, त्यानं ती एकदाही वाचलेली नव्हती. अंगठा खाली दुमडून त्यानं बोटांमध्ये घट्ट धरला आणि डाव्या हातानं माप दाबलं. काळं. उजेड. चौकट आली. तो तिच्याकडे पाहत राहिला. चौकटीत निळसर पांढऱ्यावर काहीतरी होतं, ओळी होत्या, त्यांच्याखाली दोन बटणं होती. तो पुढं झुकला. आणखी झुकला, नाक काचेला लागेल इतका. चष्मा वर केला, खाली केला. ओळी हलत होत्या, धुक्यात दूर बैलगाडी हलावी तसं काहीतरी हलत होतं. आणि तो काही वाचायच्या आत पडदा काळा झाला, आणि सगळं फुगून परत आलं. ह्या वेळी तर त्यानं काहीच दाबलं नव्हतं.

हा हरामखोर आपल्याआपच पडतो, तो मोठ्यानं म्हणाला. कुंता दारात, खाटेवर परत येऊन बसली होती, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन. त्यानं दातओठ खात पुन्हा दाबलं. काळं. उजेड. चौकट.

"ते विचारून राह्यलं न," कुंता खाटेवरूनच म्हणाली. "ठेवायचं का म्हणून विचारून राह्यलं. अन् खाली आकडे उतरून राह्यले. बारा. अकरा. तुमी हो नाई म्हटलं त जुनं करते म्हणते ते."

घनश्यामनं मान वळवली नाही. ती खाटेवर होती, दारात, मधे अख्खी खोली, मधे टेबल, मधे तो. दहावीपर्यंत शिकलेली कुंता, इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचणारी. आणि त्याचं नाक काचेला लागलेलं. पडदा काळा झाला आणि फुगला. खोट पडद्यात नव्हती. पडदा तर मघापासून बरा झाला होता, पहिल्याच खेपेला बरा झाला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला नम्रपणे विचारत होता की बाबा, मी आता नीट झालो, असाच राहू का. आणि हा माणूस न वाचता त्याच्या तोंडावर नाही म्हणत होता, कारण एंटर म्हणजे तिथं नाही होतं. मग कालपर्यंत? कालपर्यंत तर ह्याच मापावर सगळं दिसत होतं. बातम्या, नोटिसा, नकाशे. हा दोरा हातातून सुटू नये म्हणून त्यानं तो घट्ट धरला. तो वळला.

"कालपर्यंत कसं दिसत होतं मंग मले?"

कुंता सूप खाली ठेवून हात झटकू लागली. हातावर काही नव्हतं तरी झटकत राहिली. "दिवाळीत दिव्यानीनं अक्षरं मोठी करून ठेवली होती," ती म्हणाली. "मीच सांगलो तिले. म्हटलं, बाबाले नको सांगजो." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी नवं बसवलं त ते पुसून गेलं असन."

तिला वाटलं असेल तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याच्या डोक्यात एकेक वस्तू जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसत होती. प्रफुल, ज्याला मोठ्यानं वाचायची खोड लागली होती. स्वयंपाकघरातलं ते नवं ताटाएवढं घड्याळ, जुनं बंद पडलं म्हणून आणलेलं, जे बंद पडलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी बाजारात जाताना कुंता आजकाल रस्त्याच्या बाजूनं चालते, मोटारसायकली येतात त्या बाजूनं, आणि खड्डा आला की आधी बोलते. आणि रोहू. रोहूला काटा नसतो असं कधी झालं आहे? मासेमाराच्या घरात जन्मलेला माणूस, रोहूच्या पाठीत केसासारखे दुफाटे काटे असतात हे ज्याला जन्मापासून ठाऊक, तो सहा महिने ताटावर बसून म्हणतो काय मासा निघतो हो. त्याला एकदम इतकी लाज वाटली की कान गरम झाले. आणि लाजेच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं, त्याला भीतीच म्हटलं पाहिजे. उद्या सकाळी तो त्या डेस्कवर बसेल. भट्टीत कोळसा जाईल, आग धरेल, भोंगा वाजेल, अंगठा जाईल. भट्टीच्या तोंडाशी खाली चार माणसं उभी असतील, वरून येणाऱ्या शब्दावर भरवसा ठेवून. आणि सगळ्यांच्या मधे प्रफुल, त्याच्या जाळ्यात हळूच आकडे सोडत. किती आकडे सोडेल तो? एकदा चुकला तर? बापाच्या तळ्यात कुणी मेलं नसतं. तिथं नुसता मासा गेला असता.

बोललो असतो त मंग पाण्यात उतरता नसतं आलं. म्हाताऱ्याचं ते वाक्य त्यानं इतकी वर्षं मनात जपलं होतं, ऊर भरून येऊन आठवलं होतं. आज पहिल्यांदा त्याला त्या वाक्याचा राग आला. उतरता नसतं आलं तर नसतं. पाळीवर बसून सांगता आलं असतं की बुडबुडा कशाचा आहे.

"फोन लाव," तो कुंताला म्हणाला. "गुणवंतरावले."

"आधी अक्षरं मोठी करून देतो न, मले दाखवलं दिव्यानीनं."

"अक्षरं मंग. आधी फोन."

तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला. घंटी जात होती तेवढ्यात त्याला वाटलं, अजून वेळ आहे, भट्टीबद्दल काहीतरी विचारावं आणि ठेवून द्यावं. साहेबांचा आवाज आला, बोल घनश्याम, तयारी झाली का. तो उभा राहिला. कंट्रोल रूममध्ये साहेबांशी बोलताना तो कधी उभा राहत नसे.

"साहेब, उद्या मले डेस्कवर नका बसवू. मले आकडे दिसत नाई."

मग गुणवंतरावांनी विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, दिवाळीच्या आधीपासून. नक्की कधी ते मलेच ठाऊक नाई, मी पाहूनच नाई राह्यलो. आणखी एक गोष्ट त्याला सांगायची होती ती त्यानं सांगितली. प्रफुल माझे आकडे वाचत होता साहेब, त्याले काही बोलू नका, मीच त्याले कधी विचारलं नाई. साहेब रागावले. रागावणारच. म्हणाले, हे तू आज सांगतोस, भट्टीच्या आदल्या दिवशी. पुष्कळ बोलले. घनश्यामनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही आपली बाजू मांडली नाही. शेवटी ते म्हणाले की डेस्कवर प्रफुल बसेल, आणि तू आधी दवाखाना, दुसरं काही नाही. डॉक्टर लिहून देईपर्यंत कंट्रोल रूमच्या दारातही दिसू नकोस. घनश्याम हो म्हणाला. इतक्या वर्षांत भट्टी पेटताना तो घरी असेल अशी ही पहिलीच खेप. फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आपलं डोकं निवळलं आहे. मोतीबिंदू असेल, आगीपुढं उभं राहणाऱ्यांना होतो, तो काढता येतो, असं कुंता म्हणत होती. नसलाही तर जे असेल ते डॉक्टर सांगेल, ते ऐकून घ्यायचं. आता नाही कशालाच म्हणायचं नव्हतं.

तो पुन्हा खुर्चीवर बसला. शिडी उघडली, वरचं माप दाबलं. काळं, उजेड, चौकट. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "वाच," तो म्हणाला. कुंता उठून त्याच्या खांद्यामागं आली, वाचलं, आणि डाव्या बटणावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं बाण तिच्या बोटापर्यंत नेला आणि दाबलं. पडदा काळा झाला नाही. दिव्यानी पुन्हा बारीक झाली, पाळीवरची झाडं झाडं झाली असावीत, कुंता म्हणाली की मागचं तळंसुद्धा दिसतं आहे, पाण्यावर कुणाचा तरी डोंगा आहे. घनश्यामला डोंगा दिसला नाही. खाली बारीक अक्षरांची ओळ होती तीही दिसली नाही. कुंता अक्षरं मोठी करायला वाकली तेव्हा त्यानं तिचा हात धरला. असाच राहू दे, म्हणाला. डोळे करून येतो, मंग पाहतो कोण हाये त्या डोंग्यात.

रस्सा निवला होता, तिनं गरम केला. ताट समोर आलं, वाफ आली, मासा भाताच्या कडेला ठेवलेला, नेहमीसारखा मऊ, सुटा सुटा. त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं.

"हा नको," तो म्हणाला. "पातेल्यातला दे. काट्यासकट."

मग तिनं पाठीचा एक अख्खा तुकडा काढून त्याच्यापुढं ठेवला, आणि आपलं ताट न वाढताच त्याच्यासमोर बसली. घनश्यामनं चष्मा काढून बाजूला ठेवला. त्यानं मासा बोटांनी फोडला, दोन बोटांत हळूहळू चेपत गेला, दाण्यादाण्यानं, आणि पहिला काटा बोटाला टोचला. त्यानं तो ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.